स्तनकर्करोगावरील शस्त्रक्रियेतील स्थित्यंतरे आणि रुग्ण स्त्रिया (१८९४–२०१५)

प्रस्तावना

रोगाच्या स्वरूपाविषयीची कल्पना उपचाराची पद्धत ठरविते आणि तिचे परिणाम रुग्णाला भोगावे लागतात. स्तनकर्करोगावरील शस्त्रक्रियेचा इतिहास हे याचे ठळक उदाहरण होय. प्रस्तुत लेखात या इतिहासातील प्रमुख स्थित्यंतरांचा थोडक्यात आढावा घेतला आहे.

हॉलस्टेड पद्धतीचा कालखंड

बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयातील शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ मध्ये ५० रुग्णांवरील शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. कर्करोग स्तनातून क्रमाक्रमाने लगतच्या भागात पसरतो, असे ते मानत. म्हणून संपूर्ण स्तन, छातीचे स्नायू व काखेतील लसिका ग्रंथी एकत्र काढल्या जात. छातीवर रोग पुन्हा उद्भवण्याचे प्रमाण यामुळे घटले, हे श्रेय मान्य करावे लागते. परंतु लहान गाठींसाठीही हीच पद्धत सुमारे पाऊणशे वर्षे रूढ राहिली. खोलगट झालेली छाती, हातावरील सूज व आखडलेला खांदा यांसह असंख्य स्त्रियांना उर्वरित आयुष्य कंठावे लागले. अमेरिकेत गाठीची तपासणी व स्तनच्छेदन एकाच भुलीत उरकले जाई. स्तन राहिला की गेला, हे स्त्रीला शुद्धीवर आल्यावरच कळे.

मताकडून पुराव्याकडे

लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात जेफ्री केन्स यांनी १९२० च्या दशकात रेडियमच्या सुया वापरून स्तन वाचविण्याचा प्रयत्न केला. तथापि त्यांना अनुयायी थोडेच लाभले. हा रोग आरंभीच शरीरभर पसरलेला असू शकतो, अशी मांडणी पुढे बर्नार्ड फिशर यांनी केली आणि १९७१ मध्ये अमेरिकेत तुलनात्मक चाचणी सुरू केली. संपूर्ण हॉलस्टेड शस्त्रक्रियेने आयुर्मान वाढत नाही, हे तिच्या २५ वर्षांच्या निष्कर्षांतून २००२ मध्ये दिसून आले. मिलान येथे उंबेर्तो व्हेरोनेसी यांनी २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ असलेल्या ७०१ स्त्रियांची चाचणी केली. त्यांपैकी निम्म्या स्त्रियांच्या स्तनाचा केवळ बाधित भाग काढून किरणोपचार देण्यात आले. वीस वर्षांनंतरही दोन्ही गटांचे जीवितप्रमाण सारखेच राहिले.

स्वतः रुग्ण असलेल्या पत्रकार रोझ कुशनर यांनी १९७५ च्या ग्रंथातून एकाच भुलीच्या प्रथेवर टीका केली. १९७९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेच्या परिषदेने तपासणी व शस्त्रक्रिया वेगवेगळ्या वेळी करण्याची शिफारस केली. त्यामुळे स्त्रीला निर्णयासाठी अवधी मिळाला.

भारतीय संदर्भ

अधिक शस्त्रक्रिया म्हणजे अधिक आयुष्य का, हाच प्रश्न मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी रोग अन्य अवयवांत पसरलेल्या ३५० स्त्रियांबाबत तपासला. मूळ गाठ काढल्याने आयुर्मान वाढत नाही, असा निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र स्तन वाचविणाऱ्या शस्त्रक्रियेला किरणोपचारांची जोड लागते. ही सोय ज्या गावांपासून दूर आहे, तेथील स्त्रीपुढे हा पर्याय आजही मर्यादित स्वरूपातच येतो.

निष्कर्ष

हॉलस्टेड यांचा हेतू प्राण वाचविण्याचाच होता. परंतु त्यांच्या गृहीतकाची कसोटी दीर्घकाळ घेतली गेली नाही आणि तिची किंमत स्त्रियांनी मोजली. नियंत्रित चाचणी आणि रुग्णाचा आवाज या दोहोंच्या योगानेच हे स्थित्यंतर घडून आले.