पणजीचा आबे फारिया

आळंदीत वाढलेल्या आपल्या बॅचला चमत्काराच्या कथा नव्या नाहीत. चांगदेवांना भेटायला निघालेली भिंत आपण लहानपणापासून ऐकत आलो. पणजीला जुन्या सचिवालयाशेजारी एक पुतळा आहे; तोही प्रथमदर्शनी मला चमत्काराचाच वाटला. झगा घातलेले पाद्री हात पसरून उभे आणि समोर मागे कलणारी स्त्री.

हे कॅथलिक धर्मगुरू आबे फारिया. जन्म १७५६, गोव्यातील कांदोळीचा. १७७१ मध्ये वडिलांबरोबर ते पोर्तुगालला गेले, पुढे रोममध्ये शिकून धर्मगुरू झाले. १८१३ पासून पॅरिसमध्ये त्यांनी संमोहनाचे जाहीर प्रयोग केले. प्रयोग करणाऱ्याच्या अंगातून चुंबकीय द्रव वाहतो, असे तेव्हा मेस्मरचे अनुयायी मानत. फारियांनी ते नाकारले. माझ्यात कसलीही विशेष शक्ती नाही, या निद्रेचे कारण झोपणाऱ्याच्याच मनात आहे, असे त्यांचे मत होते. १८१९ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले आणि त्याच वर्षी ते वारले. पॅरिसने त्यांची टिंगल केली. पुढे फ्रेंच डॉक्टरांनीच सूचनेचे हे तत्त्व उचलून धरले.

शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी घडवलेला हा पुतळा १९४५ मध्ये उभारला गेला. नजर आधी त्या हातांकडे जाते. फारिया समजायचे तर त्या स्त्रीकडे पाहावे. सामर्थ्य तिथे आहे. आपल्या सरांना आणि बाईंना हे वेगळे सांगायला नकोच. मित्रांनो, गोव्याला गेलात तर तिथे पाच मिनिटे जरूर थांबा.