आश्रयाचा अर्ज फेटाळल्यावर पुन्हा करता येतो का? ब्रिटनचा ३५३ वा नियम

ब्रिटनमध्ये आश्रय, म्हणजे असायलम, मागितला. होम ऑफिसने नाही म्हटलं. अपील केलं, तेही फेटाळलं गेलं. आता पुन्हा अर्ज करता येतो का? येतो. किती वेळा, याला कायद्यात आकडा नाही. पण पुन्हा केलेल्या प्रत्येक अर्जाबरोबर नवं अपील मिळतं, असं जे एजंट सांगतात ते खोटं आहे.

तिथल्या इमिग्रेशन नियमांतला ३५३ वा नियम हाच प्रश्न सोडवतो. दुसऱ्यांदा दिलेले कागद आधी फक्त 'पुढील निवेदन' मानले जातात. ते फेटाळताना अधिकाऱ्याला आणखी एक ठरवावं लागतं : हा 'नवा दावा' आहे का? त्यासाठी दोन अटी. मजकूर आधी विचारात घेतलेला नसावा. आणि जुन्या पुराव्यासोबत तो वाचला तर दावा यशस्वी होण्याची वास्तव शक्यता असावी. समजा, पहिल्या वेळी न्यायाधीशांना पोलिसी छळाची हकिगत पटली नव्हती. आता तीच हकिगत सांगणारं काकांचं पत्र जोडलं, तर कागद नवा असला तरी दुसरी अट बहुधा अडते. पण मधल्या काळात मायदेशात सत्तापालट झाला, किंवा अटक वॉरंट निघालं, तर गोष्ट वेगळी.

ही दुसरी अट ऐकायला वाटते तेवढी कडक नाही. कोर्ट ऑफ अपीलने २००६ मध्ये स्पष्ट केलं की अधिकाऱ्याने 'मला पटतं का' एवढ्यावर थांबायचं नाही. स्वतंत्र न्यायाधीशापुढे प्रकरण गेलं तर यशाची वास्तव शक्यता आहे का, हे बघायचं. आणि माणसाच्या जिवाचा प्रश्न असल्याने बारकाईने बघायचं. व्यवहारात नकार देणारं खातंच हे ठरवतं, ही त्यातली खरी अडचण.

२०१४ च्या कायद्याने अपिलाची कलमं बदलली, तेव्हा नवा युक्तिवाद पुढे आला : आता कुठलाही दावा नाकारला की अपील मिळालंच पाहिजे, ३५३ चा अडसर उरला नाही. जमैकाच्या एका नागरिकाचं हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. मार्च २०१९ मध्ये न्यायालयाने ते एकमताने फेटाळलं. दावा म्हणजे पहिला दावा किंवा ३५३ खाली 'नवा' ठरलेला दावा. बाकीच्यांना अपील नाही.

मग उरतं न्यायिक पुनर्विलोकन. इथे लोकांचा हमखास गैरसमज होतो. तुम्हाला परत पाठवलं तर धोका आहे का, हे न्यायालय नव्याने ठरवत नाही. अधिकाऱ्याचा निर्णय कायद्याला धरून होता का, एवढंच तपासतं. विलंब न करता आणि जास्तीत जास्त ३ महिन्यांत यावं लागतं, आधी परवानगी लागते, आणि अर्ज 'पूर्णपणे निराधार' ठरला तर तोंडी सुनावणीही मिळत नाही. विमानाच्या आदल्या रात्री तसले अर्ज टाकणाऱ्या वकिलांना हायकोर्टाने २०१२ पासून जाब विचारायला सुरुवात केली. ते योग्यच होतं. फी वकिलाची, नुकसान पक्षकाराचं.

वरचा दरवाजाही अरुंद झाला आहे. अपर ट्रिब्युनलने अपिलाची परवानगी नाकारली तर हायकोर्टात जाण्याची वाट २०११ च्या 'कार्ट' निकालाने मर्यादित का होईना, उघडी ठेवली होती. २०२२ च्या कायद्याने ती अगदी मोजके अपवाद सोडून बंद केली. अशा अर्जांत यश ०.२२ टक्केच, असं आधी सांगितलं गेलं. टीका झाल्यावर सरकारनेच तो आकडा ३.४ टक्के केला.

आपल्याशी थेट संबंध असा : भारत २००५ पासून ब्रिटनच्या 'सुरक्षित देशां'च्या यादीत आहे. त्यामुळे भारतीयाचा पहिलाच दावा 'उघडपणे निराधार' म्हणून प्रमाणित होऊ शकतो, आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर अशा दाव्याला अपीलच नाही. शिवाय २००२ च्या कायद्याचं ९६ वं कलम विचारतं : हे आधी का नाही सांगितलं? पटेल असं कारण नसेल तर तिथेही अपील अडतं. म्हणून पहिल्याच अर्जात सगळं सांगणं, जुन्या निकालाची प्रत जपणं आणि नवा पुरावा कधी, कसा हाती आला ते लिहून ठेवणं महत्त्वाचं.

नोंदणीशिवाय इमिग्रेशनचा सल्ला देणं ब्रिटनमध्ये गुन्हा आहे. मात्र तो कायदा ब्रिटनमध्ये दिलेल्या सल्ल्यापुरता. बेळगाव किंवा वडोदऱ्यात बसून पैसे घेणाऱ्या एजंटाला तो लागू होत नाही.