नांगर, प्रवाळ आणि हिवरे बाजार

आम्ही नगरकर. (जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर, पण तोंडात अजून नगरच बसलंय.) आमचं पोहणं विहिरीतलं, तेही पाऊस बरा झाला तर. त्यामुळे ऑफिसच्या ग्रुपबरोबर मालवणला स्कूबा करायला गेलो, तेव्हा माशांच्या आधी एवढ्या पाण्याचंच अप्रूप वाटलं.

पाण्याखालचं जग भारी आहे, वादच नाही. पण एक गोष्ट डोक्यातून जाईना. आमच्या बोटवाल्याने नांगर सरळ खडकावर टाकला होता. दगडासारखे दिसणारे मोठे प्रवाळ वर्षाला साधारण सेंटिमीटरभर वाढतात. म्हणजे माझ्या वयाचं प्रवाळ जेमतेम फूटभर! नांगराला ते मोडायला एक क्षण पुरतो.

घरी येऊन वाचायला बसलो. सिंधुदुर्ग किल्ल्याचा परिसर धरून २९.१२ चौरस किलोमीटरचं सागरी अभयारण्य १९८७ सालीच जाहीर झालंय. म्हणजे कायदा होता... मग अडलं कुठे? मासेमारीवर गदा येईल म्हणून स्थानिक मच्छीमारांचा त्याला विरोध झाला. ज्यांचं पोट त्या पाण्यावर, त्यांना ती हद्द आपली वाटलीच नाही. पुढे २०१० नंतरच्या दशकात यूएनडीपीच्या प्रकल्पातून इथल्या तरुणांना स्कूबा आणि स्नॉर्केलिंगचं प्रशिक्षण मिळालं. ही दिशा मला पटते.

कॅरिबियनमधल्या बोनेर बेटाभोवतीचा समुद्र १९७९ पासून संरक्षित आहे. तिथे प्रवाळांवर नांगर टाकायचा नाही, तळाला पक्क्या बसवलेल्या बोयांना बोट बांधायची. १९९२ पासून डायव्हर फी भरतात, त्यातून देखभाल होते.

पण नियम टिकतो कसा? हे बघायला नगरजवळचं हिवरे बाजार पुरे. १९८९ मध्ये पोपटराव पवार सरपंच झाले, आणि पुढे गावाने शेतीसाठी बोअर घ्यायला स्वतःवरच बंदी घातली. दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडतात. आधी माणसं-जनावरं, उरेल त्यावर पिकं. पाऊस कमी, तर पिकंही कमी. गावाने स्वतः मोजलं, स्वतः ठरवलं, म्हणून गावाने पाळलं.

प्रवाळाचाही असाच ताळेबंद हवा. एका जागी दिवसाला किती बोटी, किती डायव्हर, हे बोटवाले, मच्छीमार आणि वनखात्याने एकत्र बसून ठरवावं. समुद्र तापून प्रवाळ पांढरे पडले, तर त्या वर्षी आकडा खाली.

आणि आपण? आमच्या ग्रुपने सगळ्यात स्वस्त पॅकेज शोधलं होतं, हेही कबूल करायला हवं. बोया बसवायला, कमी माणसं न्यायला पैसे लागतात. आम्ही तेच वाचवले. पुढच्या वेळी बुकिंगआधी दोन प्रश्न विचारणार आहे : दादा, नांगर कुठे टाकता? आणि पाव टाकून मासे गोळा करता का?

तुम्हीही विचारा.