एका गाडीची पत

नाका हा शब्द आपल्या कानाला कधी गोड लागला नाही. घाटावरून माल भरून निघालेला मालमोटारवाला मुंबईच्या वेशीवर जकात नाक्याच्या रांगेत ताटकळत असे, आणि त्या रांगेच्या कहाण्या मग गावोगावच्या चहाच्या टपऱ्यांवर रंगत. तो नाका २०१७ साली नव्या करपद्धतीबरोबर उठला. आज मात्र सांगायची आहे ती गोष्ट दूरच्या नाक्याची.

अमेरिकेच्या महामार्गांवर, बहुधा राज्याच्या वेशीजवळ, मालमोटारींसाठी वजनकाटे असतात. गाडी आणि माल मिळून ८०,००० पौंडांच्या वर भरले की तिथे दंड. मालमोटार हाकणाऱ्यांनी आपल्या बिनतारी बोलीत या काट्याचे नाव ‘कोंबड्यांचे खुराडे’ असे ठेवले. पण खुराड्यात आता नुसता माल तोलला जात नाही. तिथे गाडीवाल्याची पतही तोलली जाते, आणि ज्याच्यापाशी हजार गाड्या आहेत त्याला एक माप, ज्याची एकच गाडी आहे त्याला दुसरे, असे न ठरवताच होऊन बसले आहे. हे कसे झाले ते पाहण्यासारखे आहे.

तिसाव्या दशकातील मंदीत हाताला काम नसलेली कितीतरी माणसे हप्त्यावर गाडी घेऊन रस्त्यावर उतरली. मिळेल ते भाडे, मिळेल ती झोप. १९४० साली राऊल वॉल्श याने एक बोलपट काढला होता. त्यात जॉर्ज राफ्ट आणि हंफ्री बोगार्ट हे दोघे भाऊ स्वतःची मालमोटार चालवतात, आणि धाकट्याचा चाकावरच डोळा लागून तो आपला हात गमावतो. प्रेक्षक हळहळले असतील. पण रस्त्यावरच्यांना त्यात नवल वाटले नसणार.

सरकारचे लक्ष याआधीच गेले होते. १९३५ साली रूझवेल्ट अध्यक्ष असताना मोटारवाहतुकीचा कायदा झाला आणि रेल्वेवर देखरेख करण्यासाठी १८८७ साली स्थापन झालेल्या आयोगाच्या हाती मालमोटारीही आल्या. कोणी कोणत्या वाटेने कोणता माल न्यायचा याचे परवाने ठरले. मोठ्या वाहतूकदारांना ते मिळाले. एकट्यादुकट्याच्या वाट्याला मुख्यतः शेतमाल आला, कारण शेतमालाला परवान्याची सूट होती. आता शेतमाल कशाला म्हणावे? पिसे काढून साफ केलेली कोंबडी हा शेतमाल की कारखान्याचा माल, हा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९५६ साली न्यायमूर्तींनी निकाल दिला की ताजी असो की गोठवलेली, कोंबडी ही शेतमालच. खुराड्यापाशी उभ्या राहणाऱ्या कित्येक गाड्यांचे पोट त्या एका निकालावर चालले.

याच आयोगाने झोपेचाही कायदा केला. १९३० नंतरच्या त्या दशकाच्या अखेरीस नियम आला की दहा तासांहून अधिक गाडी हाकायची नाही, आणि सात दिवसांत साठ तासांहून अधिक काम करायचे नाही. हे पाळले की नाही हे कळावे म्हणून चालकाने रोजनिशी लिहायची. नियम चांगलाच होता. पण गाडीवाल्याला मजुरी मिळे मैलावर. गोदामापाशी माल चढायची वाट पाहण्यात सहा तास गेले तर त्याचे कोणी काही देत नसे. मग रोजनिशीत ते सहा तास झोपेचे म्हणून लिहिले जात. चालक तिला ‘चित्रकथेचे पुस्तक’ म्हणू लागले. ही थट्टा आहे खरी, पण आपण झोपलो नव्हतो हे ठाऊक असलेल्या माणसाची थट्टा आहे.

१९७३ सालच्या हिवाळ्यात तेल महागले, मिळेनासे झाले. ताशी ५५ मैलांची देशव्यापी मर्यादा येऊ घातली. डिसेंबरात एकेकटे मालक-चालक महामार्गांवर आडव्या गाड्या लावून बसले. तोवर हा माणूस कोणाला दिसतच नव्हता. त्याची पहिली मोठी संघटना त्याच वर्षी उभी राहिली. १ जुलै १९८० रोजी अध्यक्ष कार्टर यांनी नव्या कायद्यावर सही केली आणि जुन्या परवान्यांची कुंपणे बहुतांशी मोडली. पुढच्या दहा वर्षांत परवानाधारक वाहतूकदार दुपटीहून अधिक झाले. एक गाडी, एक माणूस, आणि बायको घरी हिशेब ठेवणारी, असा व्यवसाय आता उघड्यावर आला.

परवान्याची तपासणी सैल झाली आणि गाडीची तपासणी कडक झाली. त्याच १९८० साली पश्चिमेकडच्या काही राज्यांच्या अधिकाऱ्यांनी एकत्र बसून ठरवले की एकाच गाडीला प्रत्येक राज्याने वेगळा न्याय लावू नये. त्यातून साऱ्या उत्तर अमेरिकेची एकसारखी तपासणी जन्मली. तिची पहिली पायरी, म्हणजे सर्वांत कसून होणारी तपासणी, ३७ टप्प्यांची आहे. अधिकारी आधी कागद पाहतो, मग दिवे, टायर, माल बांधलेल्या साखळ्या. शेवटी फळीवर पाठ टेकून गाडीखाली सरकतो. खडूने ब्रेकच्या दांडीवर खूण करतो, चालकाला ब्रेक दाबायला सांगतो आणि दांडी किती सरकली ते पट्टीने मोजतो. पाच आसांच्या गाडीला दहा ब्रेक. त्यांतले वीस टक्के, म्हणजे दोनच, सैल निघाले की गाडी जागच्या जागी थांबली. मिस्त्री बोलवा, दुरुस्त करा, मगच पुढे. आणि दुरुस्ती झाल्याचा कागद पंधरा दिवसांत सही करून परत पाठवा.

निर्दोष निघाली तरी या तपासणीला तास-पाऊण तास लागतो. मोठ्या कंपनीचा तो तास हिशेबात कुठे विरघळून जातो. एकट्याचा तास त्याच्या दिवसातून जातो, कारण २००४ पासूनच्या नियमाप्रमाणे चालकाच्या अकरा तासांच्या गाडी हाकण्यावर चौदा तासांचे घड्याळ टांगलेले असते. ते एकदा सुरू झाले की नाक्यावर उभे राहिले तरी चालूच.

कोणी म्हणेल, एवढी कटकट कशाला? पण तपासणीचे आकडे काही खोटे नाहीत. अमेरिकेत वर्षाला तीस लाखांच्या आसपास अशा तपासण्या होतात, आणि ज्या गाड्या नीट पाहिल्या जातात त्यांतील पाचांत एक रस्त्यावरून उतरवावी लागते. भरलेली गाडी उतारावर ब्रेक सोडून निघाली की तिच्यापुढे शाळेची बस आहे की नाही हे ती विचारत नाही. नाका असावा, यात मला शंका नाही. शंका आहे ती नाक्यावरचा कागद पुढे कुठे जातो याची.

पूर्वी वाहतूकदाराच्या कचेरीत जाऊन, दप्तर उघडून पाहून, सरकार तीन शेरे देई: ‘समाधानकारक’, ‘सशर्त’ किंवा ‘असमाधानकारक’. एवढ्या थोड्या अधिकाऱ्यांना सगळीकडे पोचता येत नसे, म्हणून बहुतेक छोट्या लोकांना कधी शेराच मिळत नसे. डिसेंबर २०१० मध्ये नवी पद्धत आली. रस्त्यावरच्या प्रत्येक तपासणीतील प्रत्येक दोषाला एक ते दहा असे गुण, आणि सहा महिन्यांच्या आतला दोष असेल तर तिप्पट, वर्षाच्या आतला असेल तर दुप्पट, दोन वर्षांपर्यंतचा असेल तर एकपट. मग आपल्यासारख्या वाहतूकदारांच्या रांगेत तुमचा नंबर शंभरातला कितवा, हे संगणक सांगणार. या कोष्टकात विझलेल्या मागच्या दिव्याला सहा गुण आणि सैल ब्रेकला चार गुण होते. यावर चालकांनी काय म्हटले असेल ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सरकारने दहाच्या जागी एक आणि दोन असे दोनच अंक ठेवण्याचे जाहीर केले.

खरी गोम गुणांत नव्हती, भागाकारात होती. हजार गाड्यांच्या कंपनीचा एखादा वाईट सकाळचा दोष शेकडो तपासण्यांत मुरून जातो. एका गाडीवाल्याच्या दोन वर्षांत चार-पाच तपासण्या झाल्या तर खूप. गाडीच्या दोषांसाठी पाच आणि तासांच्या नोंदीसाठी तीन तपासण्या झाल्याखेरीज त्याचा आकडा निघतच नाही. आणि पाचवी ज्या दिवशी होते त्या दिवशी तो एकदम वरच्या टोकाला जाऊन बसतो. त्यातून चांगली दिसणारी गाडी अधिकारी हात दाखवून सोडून देतो, आणि निर्दोष तपासणीचा कागद लिहिलाच जात नाही. २०१४ साली सरकारच्याच लेखापरीक्षकांनी अहवाल दिला की बहुतेक वाहतूकदारांच्या तपासण्या इतक्या थोड्या आहेत की त्यांवरून त्यांची सुरक्षितता ताडणे विश्वासाचे नाही. पुढच्या वर्षीच्या डिसेंबरात संसदेने मालवाहतूकदारांचे हे क्रमांक लोकांच्या नजरेआड केले. तपासणीचा कच्चा कागद मात्र उघडाच राहिला, आणि माल देणारा दलाल व विमा देणारी कंपनी तो वाचतच राहिली.

अपघाताचीही तीच तऱ्हा. रीतसर उभ्या गाडीवर कोणी दारू पिऊन येऊन आदळला तरी त्याची नोंद त्या गाडीच्या नावे लागे. असा अपघात टाळता येण्याजोगा नव्हता, हे सरकारकडून लिहून घ्यायची सोय २०१७ साली प्रयोग म्हणून आणि २०२० साली कायमची झाली. आणि तपासणीतील चूक दुरुस्त करायचा अर्ज? तो ज्या राज्याने नोंद केली त्याच राज्याकडे जातो.

चित्रकथेच्या पुस्तकाचा शेवटही याच काळात झाला. १८ डिसेंबर २०१७ पासून इंजिनालाच जोडलेले यंत्र तास मोजू लागले. मालक-चालकांची संघटना त्याविरुद्ध न्यायालयात गेली होती, हरली. २००० पूर्वीच्या इंजिनांना सूट असल्याने जुन्या गाड्यांची चौकशी वाढली! पुढे अभ्यासकांनी आकडे तपासले तेव्हा दिसले की छोट्या वाहतूकदारांत तासांचे नियमभंग एकदम घटले, पण अपघात घटले नाहीत. उलट वेगाने हाकण्याचे गुन्हे वाढले. घड्याळाला फसवता येईना, तेव्हा माणसाने रस्त्याशी शर्यत लावली. गोदामात वाया गेलेले सहा तास आता कुठल्याच वहीत जागा मागेनात, पण ते तास गेले कुठेच नव्हते.

आता खुराड्यात शिरण्याआधीच गाडीतल्या यंत्रावर दिवा लागतो. मागची नोंद चांगली असेल तर बहुधा हिरवा, पुढे जा. संशय असेल तर तांबडा, आत या. ज्याची नोंदच अपुरी, त्याला हिरव्याचा भरवसा कसा असावा? कॅलिफोर्नियाच्या खोऱ्यातून बदाम घेऊन पूर्वेला निघालेला पंजाबी मालक-चालक असो की मिसूरीचा कोणी गोरा म्हातारा, तांबडा दिवा लागला की तो आत वळतो, इंजिन बंद करतो, कागद काढून ठेवतो. गाडीखालून अधिकारी बाहेर येतो, हात झटकतो, आणि काही दोष नसेल तर समोरच्या काचेवर एक रंगीत चकती चिकटवतो. चकती तीन महिन्यांची असते. तिचा रंग दर तिमाहीला बदलतो, आणि पुढच्या काट्यावरचा अधिकारी लांबूनच तो पाहतो.