स्वभावाला औषध नसेल, दारूच्या आजाराला आहे

दारूच्या आहारी गेलेल्या माणसाविषयी आपल्याकडे दोन ठिकाणी एकच निकाल ऐकू येतो. घरात, पारावर, सोयरिकीच्या बैठकीत म्हणतात, ‘तो पहिल्यापासून तसलाच. स्वभावाला औषध नाही.’ थोडंफार मानसशास्त्र वाचलेली मंडळी म्हणतात, ‘त्याचं व्यक्तिमत्त्वच व्यसनी.’ दोघांच्याही मनात क्रम ठरलेला असतो: आधी माणूस बिघडलेला, मग त्याला दारू सापडली. हा क्रम बहुतेकांच्या बाबतीत उलटा आहे आणि तो सरळ धरल्यामुळे माणसं उपचारांवाचून मरतात, असं माझं म्हणणं आहे. ते मांडण्याआधी पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी पुढे ठेवायला हवा, कारण तो काही अडाण्यांचा पक्ष नाही.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेनं 1952 साली मनोविकारांची आपली पहिली सूची काढली, तेव्हा मद्यासक्तीला जागा दिली ती समाजविघातक व्यक्तिमत्त्वाच्या सदरात. 1968च्या दुसऱ्या आवृत्तीतही ती व्यक्तिमत्त्व विकारांच्याच गटात होती. तिथून ती बाहेर पडली 1980 साली. फ्रॉइडच्या अनुयायांनी व्यसनाचं मूळ बाळाच्या मौखिक अवस्थेत शोधलं होतं. 1935 साली सुरू झालेल्या अल्कोहोलिक्स अनॉनिमसनं असंख्य माणसांना दारूतून बाहेर काढलं, ही थोर गोष्ट; पण त्यांच्या बारा पायऱ्यांतही स्वभावदोष दूर करण्याची भाषा आहे. आणि पूर्वपक्षाचा सगळ्यात भक्कम पुरावा आजचा आहे. व्यसनमुक्तीसाठी दाखल झालेल्या रुग्णांची पाहणी केली, तर अनेक अभ्यासांत निम्म्याच्या आसपास लोकांमध्ये एखादा व्यक्तिमत्त्व विकार सापडतो. समाजविघातक आणि सीमावर्ती (बॉर्डरलाइन) हे दोन विकार तर वारंवार. मग आणखी काय सिद्ध करायचं राहिलं?

राहिलं ते हे, की केंद्रात कोण येतं. जोसेफ बर्कसन या संख्याशास्त्रज्ञानं 1946 साली दाखवून दिलं, की रुग्णालयातल्या रुग्णांवरून दोन आजारांचा संबंध काढला तर तो वाढवून दिसतो, कारण ज्याला दोन्ही आजार आहेत तो रुग्णालयात पोचण्याची शक्यता अधिक. गुपचूप पिणारा, सकाळी वेळेवर कामावर जाणारा, कुणाशी न भांडणारा माणूस केंद्राच्या पाहणीत येतच नाही. तो पाहायचा तर घरोघरी जावं लागतं. अमेरिकेत 2001-02 साली 43 हजारांहून अधिक लोकांची तशी राष्ट्रीय पाहणी झाली. त्या वेळी मद्यसेवनाचा विकार असलेल्यांपैकी 28.6 टक्के लोकांत किमान एक व्यक्तिमत्त्व विकार आढळला. सर्वसाधारण लोकसंख्येत ते प्रमाण 14.8 टक्के होतं. म्हणजे संबंध आहे, प्रमाण जवळपास दुप्पट आहे, हे मान्य. सीमावर्ती विकार त्या फेरीत मोजला नव्हता, तो धरला तर आकडा वाढेल, हेही मान्य. पण 28.6 टक्क्यांची दुसरी बाजू 71.4 टक्क्यांची आहे. ज्या ‘मुळातल्या बिघाडा’नं सगळी दारू समजावून सांगायची, तो सूचीत मोजलेला बिघाड दहांतल्या सात जणांत सापडलाच नाही.

याहून महत्त्वाचा आक्षेप काळाच्या क्रमाचा आहे. वीस वर्षं पिऊन झाल्यावर तपासलेला माणूस आधी कसा होता, हे तपासणीवरून कळत नाही. त्यासाठी दारू यायच्या आधीची नोंद हवी, आणि अशा नोंदी सुदैवानं आहेत. मिनेसोटा विद्यापीठात नव्यानं आलेल्या विद्यार्थ्यांकडून एक व्यक्तिमत्त्व-चाचणी भरून घेतली जाई. त्यांतले काही पुढे मद्यासक्तीच्या उपचारांसाठी दाखल झाले. अशा 38 पुरुषांचे दोन्ही वेळचे निकाल 1973 सालच्या अभ्यासात शेजारी ठेवून पाहिले गेले. मध्ये सरासरी तेरा वर्षं गेली होती. उपचारांच्या वेळचा निकाल ठळकपणे बिघडलेला होता. विद्यार्थिदशेतला निकाल सर्वसामान्य मर्यादेत होता. सोबतच्या विद्यार्थ्यांपेक्षा ते किंचित अधिक उतावळे आणि चाकोरी न मानणारे होते, इतकंच. आता असा मुलगा कोणत्या वर्गात नसतो?

दुसरी नोंद बॉस्टनची. शेल्डन आणि एलेनर ग्लूक या दांपत्यानं 1940च्या सुमारास गुन्हेगार मुलांशी तुलना करण्यासाठी गरीब वस्त्यांतली, गुन्हेगारी न केलेली मुलं निवडली होती. त्यांतल्या 456 जणांचा माग पुढे अनेक दशकं ठेवला गेला, आणि जॉर्ज व्हेलंट यांनी 1983 साली त्यावर ‘द नॅचरल हिस्टरी ऑफ अल्कोहोलिझम’ हे पुस्तक लिहिलं. व्हेलंट स्वतः मनोविश्लेषणाच्या परंपरेत वाढलेले, त्यामुळे त्यांचा निष्कर्ष अधिकच मोलाचा वाटतो. मद्यासक्त माणूस आपलं बालपण दुःखाचं सांगतो खरा, पण त्या काळी झालेल्या नोंदी पाहिल्या तर परावलंबी, न्यूनगंडानं पछाडलेला असा तो मुलगा त्यांत दिसत नाही. पुढे कोण पिणार हे अधिक नीट सांगत होत्या दोन गोष्टी: नात्यागोत्यात मद्यासक्ती किती, आणि घर कोणत्या संस्कृतीचं. आयरिश घरांतली मुलं इटालियन घरांतल्या मुलांपेक्षा कितीतरी पटींनी अधिक प्रमाणात मद्यासक्त झाली. इटालियन घरात जेवणासोबत थोडी वाइन पोरांनाही मिळे, पण झिंगणं लाजिरवाणं मानत. आयरिश घरात पोरांना बंदी आणि मोठ्यांच्या झिंगण्याला सवलत, अशी व्हेलंट यांची मांडणी आहे. तिच्यावर वाद घालता येईल. पण एका शहरात, एकाच दारिद्र्यात वाढलेल्या दोन समाजांतला हा फरक कुणाच्या एकट्याच्या स्वभावातून निघत नाही.

मग केंद्रातल्या डॉक्टरांना, घरच्यांना आणि शेजाऱ्यांना जे दिसतं ते काय असतं? तो खोटं बोलतो, चिडतो, रडतो, शब्द फिरवतो, बायकोच्या डब्यातले पैसे उचलतो. हे सगळं खरं आहे, आणि यातलं बरंच दारूनं घडवलेलं असतं. मानसोपचारतज्ज्ञ शकिट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1988 साली मद्यासक्तीसाठी दाखल झालेल्या पुरुषांची मनःस्थिती मोजली. दाखल होताना 42 टक्के लोकांत लक्षणीय खिन्नता होती. चार आठवडे दारूवाचून गेल्यावर, खिन्नतेवरचं खास औषध न देता, ती 6 टक्क्यांत उरली. सकाळी हात थरथरू लागले, घाम फुटला, छातीत धडधडू लागलं, की क्वार्टर मिळेपर्यंत माणसाला दुसरं काही सुचत नाही. त्या तासाभरात तो जे बोलतो त्यावरून त्याचं शील ठरवणं अन्याय आहे. आणि एक टोकाचं उदाहरण. वर्षानुवर्षं पिण्यानं आणि अपुऱ्या खाण्यानं थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्व, संपतं आणि मेंदूच्या स्मृतीच्या वाटा तुटतात. सर्गेई कोर्साकोव्ह यांनी 1887पासून वर्णिलेल्या या आजारात रुग्ण स्मृतीतली भोकं कल्पित प्रसंगांनी भरून काढतो आणि ते प्रसंग त्याला स्वतःलाही खरे वाटतात. घरचे म्हणतात, ‘बघा, अजूनही थापा मारतो.’

आपण कथा शेवटाकडून वाचतो, हे खरं दुखणं. 1919 साली रंगभूमीवर आलेल्या ‘एकच प्याला’मधला गडकऱ्यांचा सुधाकर हुशार आणि मानी वकील आहे. कोर्टात अपमान होतो, सनद काही काळासाठी जाते, तळीराम प्याला पुढे करतो. शेवट ठाऊक असलेला प्रेक्षक त्या मानीपणातच विनाशाचं बीज शोधतो. पण तितकेच मानी वकील त्या काळी महाराष्ट्रातल्या प्रत्येक जिल्हा कोर्टात होते, आणि त्यांच्या मानीपणाला समाज बाणेदारपणा म्हणत होता.

खंडन इथवर. मंडन करायचं तर संबंध नेमका कुठे आहे ते सांगायला हवं, कारण तो नाकारणं तितकंच घातक ठरेल. वयाच्या बारा-तेराव्या वर्षाआधी सुरू झालेली मारामाऱ्या, चोऱ्या, शाळा बुडवणं ही वागणूक पुढच्या व्यसनाची चाहूल देते. व्हेलंट यांच्या नोंदींतही ती होती. अशांची दारू लवकर सुरू होते आणि लवकर हाताबाहेर जाते. सीमावर्ती विकाराच्या रुग्णात दारू आत्मघाताचा धोका वाढवते, म्हणून दोन्हींवर एकत्र उपचार लागतात, आणि ते होऊ शकतात. मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी सीमावर्ती विकारावरची आपली उपचारपद्धती अशा रुग्णांसाठी मुद्दाम जुळवून घेतली. जुळ्यांच्या अभ्यासांवरून मद्यासक्तीच्या धोक्यातला सुमारे निम्मा वाटा आनुवंशिक निघतो. पण वारशानं काय येतं? उतावळेपणा येतो, तसंच शरीरही येतं. शकिट यांना आढळलं, की मद्यासक्त बापांच्या अनेक मुलांना तरुणपणी तेवढ्याच दारूची नशा कमी चढते, आणि ज्यांना कमी चढते ते पुढे अधिक अडकतात. याउलट पूर्व आशियातल्या कित्येकांचं यकृत दारूतून तयार होणारं अॅसिटाल्डिहाइड नीट निपटू शकत नाही. दोन घोटांत चेहरा लाल होतो, मळमळतं, आणि ते व्यसनापासून बऱ्याच अंशी वाचतात. त्यांच्या वाचण्याला आपण चारित्र्य म्हणणार नाही.

म्हणून निदानाचा क्रम पाळायला हवा. दाखल झाल्याच्या पहिल्या आठवड्यात व्यक्तिमत्त्व विकाराचा शिक्का मारू नये. दारू सुटून काही आठवडे जाऊ द्यावेत, आणि मग आईला, बायकोला, थोरल्या भावाला विचारावं: पहिला घोट घेण्याआधी हा कसा होता? मधल्या काळात सर्वांत जास्त दिवस सोडली होती, तेव्हा कसा वागत होता? व्यक्तिमत्त्व विकाराची व्याख्याच सांगते, की तो किशोरवयापासून किंवा तरुणपणापासून टिकून असावा आणि एखाद्या पदार्थाचा परिणाम नसावा.

पुण्यात 1986 साली मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं, तेव्हापासून व्यसन हा आजार आहे हे मराठीत सांगितलं जात आहे. तरी 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात दिसलं, की भारतात दारूवर अवलंबून असलेल्या दर 38 माणसांपैकी एकालाच काही मदत मिळते. सोयींचा तुटवडा हे याचं कारण आहेच. पण स्वभावाला औषध नाही असं ठरलेल्या घरातून कुणी औषधासाठी उठत नाही, हेही कारण आहे. औषधं तर आहेत: नाल्ट्रेक्सोन, अॅकॅम्प्रोसेट, डायसल्फिराम. दारू एकाएकी तोडल्यावर येणारे झटके आणि भ्रम जिवावर बेतू शकतात, त्यांवरही रुग्णालयात उपाय आहेत. आणि जे अजून पूर्ण अवलंबून झालेले नाहीत, त्यांच्यासाठी गोव्यातला पुरावा आहे. 2017 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, अपायकारक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांशी प्रशिक्षण दिलेले साधे समुपदेशक बोलले. मानसोपचाराची पदवी त्यांच्यापैकी कुणाकडे नव्हती. तीन महिन्यांनी त्या गटातले 36 टक्के अपायकारक पिण्यातून बाहेर आले होते. नेहमीची सेवा मिळालेल्यांत 26 टक्के. समुपदेशनाच्या बैठका जास्तीत जास्त चार होत्या. चार बैठकांत कुणाचं व्यक्तिमत्त्व बदलत नाही. त्या माणसांचं पिणं मात्र बदललं.