मिरजेचे तांब्याचे पत्रे आणि पडद्यावरची मोडकी मराठी

१/ जुनी मराठी फाइल उघडावी आणि अक्षरांच्या जागी चौकोन, प्रश्नचिन्हे किंवा निरर्थक रोमन अक्षरे दिसावीत, हा अनुभव अनेकांना आहे. ‘फॉन्ट गेला’ असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः या बिघाडाला इतिहास आहे आणि तो सांगली जिल्ह्यातील मिरजेपासून सांगता येतो.

२/ इ. स. १८०५. मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने तांब्याच्या पत्र्यांवर भगवद्गीता कोरून छापली गेली. सुटे खिळे नव्हते. संपूर्ण पान हेच एक चित्र होते. त्यातले एक अक्षर उचलून दुसरीकडे बसवणे अशक्य होते.

३/ पुढे खिळ्यांच्या छपाईने अक्षर सुटे केले. पण संगणकावर मराठी आली तेव्हा आपण पुन्हा चित्राकडे वळलो. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये संगणक आत रोमन अक्षराचाच क्रमांक साठवी. फॉन्ट त्यावर देवनागरी आकाराचा मुखवटा चढवी. फॉन्ट नसला की मुखवटा गळून पडे. शिवाय प्रत्येक कंपनीची जुळणी निराळी.

४/ यावर उपाय म्हणजे आकाराला नव्हे, तर अक्षराला क्रमांक देणे. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे मानक तयार झाले. १९९१ मध्ये आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावर आधारलेली होती.

५/ तरीही अडचण उरली. ‘मिरज’ हा शब्द म, ि, र, ज या क्रमाने साठवला जातो; वेलांटी म च्या आधी नेऊन दाखवण्याचे काम प्रणालीचे. विंडोज एक्सपीत ‘रिजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स’मध्ये जाऊन जटिल लिप्यांच्या चौकटीत खूण करावी लागे. ती नसेल, तर मिरजेचे ‘मरिज’ झालेले दिसे!

६/ मराठीची स्वतःची गरज आणखी सूक्ष्म. ‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ साताऱ्याच्या डोंगरांतल्या. येथे रफार आणि अर्धा र यांचा भेद हा अर्थाचा भेद आहे. म्हणूनच युनिकोडमधील ‘ऱ’ चे स्वतंत्र स्थान आपल्यासाठी मोलाचे.

७/ आता बिघाडाचे निदान:
• चौकोन : मजकूर शाबूत, देवनागरी फॉन्ट नाही.
• वेलांटी सरकलेली, जोडाक्षरे तुटलेली : मजकूर शाबूत, लिपीची जुळणी होत नाही.
• रोमन अक्षरे : मजकूर जुन्या फॉन्टचा, तो फॉन्ट किंवा त्याचा परिवर्तक शोधावा.
• फाइलमध्येच प्रश्नचिन्हे : चुकीच्या सांकेतिक पद्धतीत जतन झाल्याने मूळ अक्षरे बहुधा कायमची गेली, जुनी प्रत शोधावी.

८/ अक्षराची ओळख जपल्याने काय साधते, हे सातारा जिल्ह्यातील वाईत दिसते. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली तेथे आकारास आलेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. आज त्याच्या नोंदी जालावर एका शब्दानिशी शोधता येतात. अक्षराचे नुसते चित्र असते, तर हे घडले नसते.

९/ डीटीपीच्या काळात जुळवलेल्या स्मरणिका, गावांचे इतिहास, नियतकालिके आजही कित्येक घरांत जुन्या सीडींवर पडून असतील. त्या हाती आल्या, तर मूळ फाइल बदलू नका. फॉन्टचे नाव लिहून ठेवा, प्रतीचे युनिकोडमध्ये रूपांतर करा आणि मुद्रितशोधन करताना ‘दऱ्या’ आवर्जून तपासा. मोडी वाचणाऱ्यांची वानवा आपण जाणतोच. कालच्या देवनागरीवर ती वेळ येऊ नये.