जीर्णोद्धार आणि मूळ इंजिन

परळीस वैजनाथाच्या पायऱ्या चढतांना मला अहिल्याबाई होळकरांची आठवण हटकून होते. अठराव्या शतकांत त्यांनींच या देवळाचा जीर्णोद्धार करविला. (देवघरकर कांहींही म्हणोत, आम्हां बीडकरांच्या लेखीं हेंच खरें ज्योतिर्लिंग!) जीर्णोद्धार म्हटला कीं चिरे बदलतात, शिखर नवें चढतें, सभामंडप वाढतो, परंतु गाभाऱ्यांतील लिंग हललें नाहीं तोंवर देऊळ तेंच. शास्त्रकारांनीं येथें एक बारीक भेद केला आहे. माणसानें स्थापिलेलें लिंग भंगलें तर त्यांतील देवत्व कलशांत उतरवून दुसरें बसवितां येतें. स्वयंभू लिंगास मात्र हात लावावयाचा नाहीं.

हा भेद मला परवां एका मोटारीमुळें आठवला. अंबाजोगाईकडील माझा एक जुना विद्यार्थी आजोबांची दोन माणसांची विलायती स्पोर्ट्स मोटार पुनः उभी करीत आहे. स्वातंत्र्यानंतर आयातीवर निर्बंध आले, सुटे भाग मिळेनासे झाले, तेव्हां आजोबांनीं मूळ इंजिन उतरवून जीपचें बसविलें. त्या काळीं कितीतरी जुन्या गाड्यांची हीच गत झाली. मूळ इंजिन गोठ्यांत कडब्याखालीं पडून आहे. "सर, मिस्त्री म्हणतो जीपचें उत्तम चालतें, मग तें गंजलेलें कशाला उचलायचें?" असें त्यानें विचारलें. मला धड उत्तर देतां आलें नाहीं.

तें शोधतांना मी पुनः होळकरांपाशींच येऊन पोंचलों. इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (१९०८–१९६१) यांनीं १९३५ च्या सुमारास ड्यूसेनबर्ग एसजे ही अमेरिकन मोटार घेतली. सांगाडा इंडियानापोलिसच्या कारखान्याचा, वरचें अंग लंडनच्या गर्नी नटिंग यांनीं घडविलेलें, रंग नारिंगी व काळा. इंजिन फ्रेड ड्यूसेनबर्ग यांच्या आराखड्यावरून लायकमिंग कंपनीनें तयार केलेलें. आठ सिलिंडर एका ओळींत, प्रत्येकास चार झडपा, आणि सुपरचार्जर जोडल्यावर कारखान्याच्या म्हणण्याप्रमाणें ३२० अश्वशक्ति!

त्या कारखान्याची रीतच अशी कीं तो सांगाडा व इंजिन देई. अंग गिऱ्हाइकानें आपल्या पसंतीच्या कारागिराकडून करवून घ्यावें. पुढें कित्येक गाड्यांचीं अंगें बदललीं, एकीचें दुसरीवर चढलें. म्हणून जाणकार आजही ड्यूसेनबर्ग ओळखतात ती इंजिनावरील 'जे' हें अक्षर व त्यापुढील आंकडा यांवरून. अंग हा सभामंडप झाला, गाभारा बॉनेटखालीं. अर्थात् कांहींचीं इंजिनेंही त्या काळींच बदललीं गेलीं होतीं, तेव्हां सोंवळेपणाचा फार आव आणण्यांत अर्थ नाहीं.

शिवाय मूळ इंजिन राखणें म्हणजे त्यांतील प्रत्येक खिळा राखणें नव्हे. झिजलेलें सिलिंडर कातून त्यांत नवी स्लीव्ह बसते, पिस्टन नवे येतात, बेअरिंगांत पांढरा धातु पुनः ओततात. बिडाच्या ब्लॉकला तडा असेल तर तोही शिवतां येतो. (ओतीव लोखंडास आपल्या भाषेंत बीडच म्हणतात, हा आमच्या जिल्ह्याचा योगायोग!) हे सारे बदलण्याजोगे चिरे होत. पण आंकडा कोरलेला ब्लॉक एकदां भंगारांत गेला, कीं त्याच्या जागीं येणारा दुसरा कितीही चांगला असला तरी परका.

कायद्याचेंही मत असेंच दिसतें. जुलै २०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी मोटार 'विंटेज' म्हणून नोंदवावयाची, तर तिच्या सांगाड्यांत, अंगांत वा इंजिनांत मोठा फेरफार झालेला नसावा. नोंदणीस २०,००० रुपये, फेरनोंदणीस ५,०००, आणि नंबरांत 'व्हीए' हीं अक्षरें. मात्र अशी गाडी रोजच्या कामास नेतां येत नाहीं. विद्यार्थ्याची खरी अडचण ती हीच. त्याला बाजारालाही तींतूनच जावयाचें आहे!

मीं त्यास लिहिलें, मूळ इंजिनच बसव. बाजारासाठीं दुसरी गाडी मिळेल. आधीं तें गोठ्यांतून काढ, पुसून आंकडा वाच, आणि पिस्टन अडकले असतील तर हातोडी न मारतां आंत तेल सोडून कांहीं दिवस थांब. जीपचें इंजिनही भंगारवाल्यास देऊं नकोस. तुझ्या आजोबांनीं त्याच्याच जोरावर परळीच्या शिवरात्री केल्या आहेत.